हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

शेजाऱ्याचें घर बुडालें असतां त्यास दाणागोटा द्यावा, अंगावर घालावयास द्यावें, हें आमच्या खेड्यांत कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांत मदतीची एक निराळीच रीत निघाली आहे. तींत खर्च पडतो एकावर आणि दाता म्हणून मिरवितो दुसराच. या रीतीची एक खरी हकीकत आमच्या कोष्टी, साळी, मोमीन बांधवांच्या व कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या कानांवर घालणें जरूर आहे. कारण तींत त्यांचें नांव पुष्कळदां घेतलें गेलें, पण त्यांचें मत मात्र कोणीं विचारलें नाहीं.

२०१० च्या जुलै-ऑगस्टांत सिंधु नदीस असा महापूर आला कीं पाकिस्तानची सुमारें एकपंचमांश भूमि पाण्याखालीं गेली. दोन कोटींच्या आसपास माणसांस त्याची झळ लागली. सिंध आणि दक्षिण पंजाब हा कापसाचा मुलूख. तेथें उभें पीक डोळ्यांदेखत सडलें. युरोपांतील राष्ट्रांनीं रोख मदत पाठविली, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण सप्टेंबरांत युरोपीय संघाच्या पुढाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ठरविली. पाकिस्तानच्या कांहीं मालावरील जकात माफ करावयाची, म्हणजे त्यांचा व्यापार वाढेल आणि ते आपल्या पायांवर उभे राहतील. पुढें यादी निघाली ती ७५ जिनसांची. त्यांत बहुतेक सूत, कापड व कपडे. यादींतल्या मालाची किंमत सालीना सुमारें ९० कोटी युरो.

जकात माफ म्हणजे काय, हें आठवड्याच्या बाजारावरून पाहूं. पांच गांवचे विणकर लुगडीं-धोतरें घेऊन बसले आहेत. बाजाराचा मालक प्रत्येकाकडून शंभरामागें बारा रुपये पट्टी घेतो. (युरोपांत तयार कपड्यांवर जकात तेवढ्यापर्यंत आहेच.) एका गांवास पूर आला म्हणून मालक म्हणतो, "या गांवच्या विणकरास पट्टी माफ." गिऱ्हाईक तेंच, त्याच्या कनवटीचा पैसा तेवढाच. तें स्वस्त मालाकडे वळणार, आणि बाकीच्या चार गांवच्या विणकरांचीं गाठोडीं तशींच घरीं परत जाणार. मालकाची थोडी पट्टी बुडाली खरी, पण त्याच्या पुण्याचा मोठा भार पडला तो त्या चार गांवांवर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात तें हेंच.

आणि तुळशीपत्र ठेवतांनाही हात आखडता होताच. इटली, पोर्तुगाल वगैरे देशांतील कापडवाल्यांनीं आपल्या सरकारांकडे ओरड केली. तेव्हां कांहीं जिनसांस मर्यादा घातली गेली कीं इतका माल फुकट, त्यापुढें जकात द्या. घरच्या गिरणीवाल्याचें ऐकलें गेलें. शेजारच्या चार गांवांचें?

त्यांपैकीं दोन गांवें जिनेव्हास जागतिक व्यापार संघटनेंत उभीं राहिलीं, एक बांगलादेश व दुसरा आपला देश. या संघटनेचा पाया असा कीं जकात सर्वांस सारखी. कोणा एकास वेगळी सवलत द्यावयाची तर इतरांची संमति घ्यावी. बांगलादेशास गरीब राष्ट्र म्हणून २००१ पासून युरोपांत जकात नव्हती; त्याच्या त्या सोयीचा फायदा घटणार होता. आपल्या देशाची तक्रार जुनी होती. २००२ सालीं अफू-गांजाच्या व्यापाराशीं लढण्याच्या नांवाखालीं युरोपानें पाकिस्तानास अशीच माफी दिली होती. आपण फिर्याद केली, आणि २००४ मध्यें निकाल आपल्या बाजूस लागला. तेव्हां नियमाच्या भाषेंत आपलें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु नियम दाखवून जो वेळ गेला, त्याचा हिशेब कोणीं ठेवला? मूळ बेत १ जानेवारी २०११ पासून तीन वर्षांचा होता. त्या साली सिंधमध्यें पुन्हां पूर आला. नोव्हेंबर २०११ मध्यें पाकिस्ताननें भारतास बरोबरीचा व्यापारी दर्जा देण्याचें ठरविलें (तो शेवटपर्यंत अंमलांत आलाच नाहीं ही गोष्ट वेगळी), त्या सुमारास आपण हरकत सोडली. फेब्रुवारी २०१२ मध्यें जिनेव्हांत संमति मिळाली. सवलत लागू झाली १५ नोव्हेंबर २०१२ रोजीं व संपली २०१३ च्या अखेरीस. पुरापासून दोन वर्षांवर काळ लोटल्यावर साडेतेरा महिन्यांची मदत! वरातीमागून घोडें आलें, तेंही लंगडें.

पण माझा खरा प्रश्न याहून निराळा आहे. वेळेवर आली असती, तरी ती मदत पोंचली असती कोणाकडे? पुरांत बुडाला तो सिंधचा हारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें राबणारा कुळवाडी. जकात माफ झाली ती कराची-फैसलाबादेहून माल पाठविणाऱ्या कारखानदाराची. माल कोणता हें यादींत ठरलें. तो बुडालेल्या मुलखांतला असावा, त्या मुलखांतल्या मजुराच्या पदरांत कांहीं पडावें, हें तींत ठरलें नाहीं. कोणी म्हणेल, गिरणी चालली कीं कापसाला मागणी येते, मागणी आली कीं शेतकऱ्यास भाव मिळतो. असेल. पण मध्यें जमीनदार आहे, दलाल आहे, सावकार आहे, आणि प्रत्येकाच्या ओंजळीला भोंकें उलटीकडेंच आहेत. खालीं गळतें तें थेंबभर.

सवलत लागू होण्यास दोनच महिने उरले असतां, ११ सप्टेंबर २०१२ रोजीं, कराचीच्या बलदिया भागांत एका कपड्याच्या कारखान्यास आग लागली. बाहेर पडण्याच्या वाटा बंद, खिडक्यांस गज. २५० हून अधिक कामकरी आंत जळून, गुदमरून मेले. तेथील बहुतेक माल युरोपांत जात असे. आगीपूर्वीं थोडेच आठवडे त्या कारखान्यास बऱ्या व्यवस्थेचा दाखलाही मिळाला होता. ज्यांच्या नांवानें जकात माफ व्हावयाची, त्यांची ही अवस्था.

आतां आपल्या घराकडे पाहूं. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी येथील मागवाल्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून आपण जिनेव्हांत हरकत घेतली, असें सांगण्यांत येतें. मागवाल्याची भीति खोटी नव्हती. पण त्याच २०१०-११ च्या हंगामांत काय झालें तें विदर्भ-खानदेशच्या शेतकऱ्यास आठवत असेल. पुरानें पाकिस्तानचा कापूस गेला, इतर कारणेंही जमून आलीं, आणि जगाच्या बाजारांत भाव चढत गेला. मार्च २०११ मध्यें तो पौंडास दोन डॉलरांवर होता. अशी संधि शेतकऱ्याच्या आयुष्यांत कितीदां येते? आणि नेमक्या त्याच वेळीं आपल्या सरकारनें कापसाची निर्यात ५५ लाख गांठींवर अडवून ठेवली. कारण देशी गिरण्यांस कापूस स्वस्त हवा होता. जिनेव्हांत "सर्वांस सारखा व्यापार" म्हणणारे मुखत्यार घरीं मात्र शेतकऱ्याच्या गाडीपुढें आडवें लांकूड टाकून उभे! शेजारच्या बुडालेल्या गिरणीस कापूस हवा, आमच्या शेतकऱ्यास गिऱ्हाईक हवें. दोघांचेंही भलें झालें असतें, तें नको झालें.

हा खेळ नवा नाहीं. इंग्रजी अमलांत लँकशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा जाचूं लागली, तेव्हां त्यांस एकाएकीं हिंदी मजुराची दया आली व त्यांनीं येथें कारखान्यांचा कायदा करा असा धोशा लावला. मुंबईचे मालक म्हणूं लागले, हा देशी धंद्यावर घाला आहे. दोघेही मजुराचें नांव घेत होते, आणि मजूर चौदा-चौदा तास राबत होता. त्या वेळीं सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं लँकशायरची वा मालकांची री ओढली नाहीं. १८८४ मध्यें त्यांनीं कामकऱ्यांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला, आठवड्याची सुटी व ठरल्या दिवशीं पगार मागितला. रविवारची सुटी १८९० मध्यें मिळाली, ती मजुरांनीं स्वतः तोंड उघडलें म्हणून.

पाकिस्तानास १ जानेवारी २०१४ पासून युरोपानें दुसऱ्या एका योजनेखालीं बहुतेक कापडावरची जकात माफ केली. तिची मुदत २०२३ मध्यें वाढवून २०२७ पर्यंत नेली आहे. म्हणजे २०२२ सालीं पुन्हां महापूर आला व तीन कोटींवर लोकांस त्याचा फटका बसला, तेव्हां ही माफी आठ वर्षें चालू होती. त्या आठ वर्षांत हाऱ्याचें घर मातीचें विटेचें झालें असतें, तर पुराच्या पाण्यानें तें विरघळलें नसतें.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. संकटांतल्या राष्ट्रास जकात माफ करावयाची तर जरूर करावी, आम्ही आडवे येणार नाहीं. परंतु त्यामुळें ज्या गरीब देशांतील मागवाला मार खाईल, त्याची भरपाई माफी देणाऱ्यानें आपल्या तिजोरींतून करावी. माफीच्या यादींत जिनसांच्या नांवांपुढें आणखी एक रकाना असावा: कापूस वेचणाऱ्या बाईस मणामागें मजुरी काय मिळाली, कुळास वांटा किती मिळाला, कारखान्याचे दरवाजे उघडे आहेत कीं नाहींत. तो रकाना कोरा राहील त्या कारखानदाराची माफी बंद करावी. आणि आपले जे प्रतिनिधि जिनेव्हास जाऊन विणकराच्या नांवानें बोलतात, त्यांनीं जाण्यापूर्वीं एकदां मालेगांवच्या मागावर आणि यवतमाळच्या कापूस-बाजारांत येऊन जावें. गाडीभाडें नसेल तर वर्गणी काढूं.