'या वयात कशाला?'



या सदरात आजवर मी साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू अशा विषयांवर लिहिले. आजचा विषय आपल्या पिढीने कायम पदराआड ठेवला. बंधूंनीही पान उलटू नये. घरात पत्नी आहे, बहीण आहे, वहिनी आहे, त्यांच्यासाठी वाचावे.

मागच्या वर्षी आमच्या मोआदोनमध्ये एका भगिनीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "सिस्टर, माझ्या छातीतली पिशवी बदलायची म्हणतात. तीही दुसऱ्या आकाराची. या वयात मी आकार बघत बसू का? लोक काय म्हणतील?" तिचे वय ७२. नाव सांगत नाही, पण लिहिण्याची परवानगी तिनेच दिली. "माझे कळले तर दुसरीला उपयोग होईल," असे म्हणाली.

मी अलिबागजवळच्या मराठी शाळेत शिकलेली, मुंबईत नर्सिंग केलेली आणि इथे येऊन बरीच वर्षे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढलेली बाई. तरीसुद्धा माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हेच, "राहू दे ग आता, या वयात कशाला?" ते ऐकून तिने मान खाली घातली आणि कप विसळायला लागली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तिची हकीकत अशी. सुमारे वीस वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. डावा स्तन काढावा लागला आणि त्या जागी डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी बसवली. त्याला आपण इम्प्लांट म्हणतो. मुले तेव्हा शाळेत होती. कॅन्सर गेला, देवाची कृपा, आणि ती संसाराला लागली. पिशवी आत आहे हे ती जवळजवळ विसरून गेली. उजवी बाजू वयाप्रमाणे उतरली, डावी मात्र होती तिथेच राहिली. पुढे डावी बाजू घट्ट होऊ लागली. त्या कुशीवर झोपता येईना. साडीचे ब्लाऊज दोन बाजूंना दोन मापांचे शिवावे लागे, म्हणून नात्यातल्या मेंदीलासुद्धा ती साडी नेसली नाही. हे तिने कोणालाच सांगितले नाही.

मग एके दिवशी डावी बाजू सुजली. ती दाखवायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी संगणकावरून नजर न काढताच सांगितले की वयाप्रमाणे असे होते, काळजी करू नका. तपासणी काहीच नाही. दोन महिने ती तशीच राहिली. सूज काही उतरली नाही. मग दुसरीकडे गेली. तिथे सोनोग्राफी झाली आणि पिशवीभोवती पाणी साठलेले दिसले. सुईने ते पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवले. नंतर एमआरआयमध्ये पिशवी आतल्या आत फाटलेली दिसली. पिशवी काढायलाच हवी होती. त्या वेळी सर्जनने तिला सांगितले की पूर्वीसारखी बसवता येणार नाही, आता गोल बसवू. हे ऐकून तिला वाटले की डॉक्टर आपल्याला फॅशन विकत आहेत. म्हणून ती माझ्याकडे आली होती आणि मी तिला 'राहू दे' म्हटले.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि नीट समजावून सांगितले. तेच इथे लिहिते.

सिलिकॉन जेलची पिशवी पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एका बाईला बसवली गेली. १९९२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिच्या वापरावर कडक बंधने आणली आणि २००६ साली पुन्हा परवानगी दिली. या पिशव्या दोन आकारांच्या असतात. एक गोल. दुसरी पाण्याच्या थेंबासारखी, वर निमुळती आणि खाली भरदार. कॅन्सरनंतर नवा स्तन बनवताना पुष्कळ सर्जन थेंबाचा आकार पसंत करत, कारण तो नैसर्गिक दिसतो.

पण थेंबाच्या आकाराची एक अडचण असते. गोल पुरी ताटात कशीही फिरवली तरी पुरीच दिसते. करंजी फिरवली तर लगेच कळते. तसेच थेंबाची पिशवी आत फिरली तर छाती वाकडी दिसते. ती फिरू नये म्हणून तिचा पृष्ठभाग खरखरीत करत, म्हणजे भोवतालचे मांस तिला धरून ठेवते. गोल पिशवीला ही गरज नाही, म्हणून ती गुळगुळीत चालते.

पुढे असे दिसून आले की खरखरीत पिशव्या असलेल्या काही थोड्या स्त्रियांना पिशवीभोवतीच्या आवरणात एक निराळा कॅन्सर होतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, लिम्फोमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत पिशव्यांवर बंदी घातली. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने आपल्या बायोसेल जातीच्या खरखरीत पिशव्या जगभरातून परत घेतल्या.

म्हणजे माझ्या मैत्रिणीला आकार बदलायला सांगितला तो सुंदर दिसण्यासाठी नव्हे. जुना आकार हवा तर खरखरीतपणाही आलाच, आणि सर्जनला तो नको होता. इतकी साधी गोष्ट तिला कोणी तिच्या भाषेत सांगितली नव्हती. तिच्यासोबत हिब्रू समजावायला मुलगा गेला होता. आई मुलासमोर छातीविषयी काय विचारणार आणि मुलगा तरी काय सांगणार? दोघेही जमिनीकडे बघत बसले. भगिनींनो, अशा वेळी मुलगी, सून, भाची, शेजारीण, कोणी तरी बाई सोबत न्या. १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याप्रमाणे आपल्याला समजेल अशा रीतीने माहिती मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि आपल्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क या देशात प्रत्येक रुग्णाला आहे. तो वयाच्या सत्तरीला संपत नाही.

आता कोणी घाबरून जाऊ नये. हा लिम्फोमा फार क्वचित होतो. तो आवरणापुरताच असताना सापडला, तर पिशवी आणि आवरण पूर्ण काढल्याने बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. काहीच त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी खरखरीत पिशवी काढून टाका असे एफडीएसुद्धा सांगत नाही. पण बसवल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका बाजूला सूज आली, गाठ लागली, दुखू लागले किंवा आकार बदलला, तर ते वयामुळे आहे असे कोणीही तपासल्याशिवाय म्हणू नये. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी नाही आणि आपण स्वतः तर नाहीच. माझ्या मैत्रिणीच्या पाण्यात कॅन्सर निघाला नाही. निघाला असता तर ते दोन महिने फुकट गेले असते.

दुसऱ्या बाजूचेही सांगते. 'दर दहा वर्षांनी पिशवी बदलायलाच हवी' असे पुष्कळांच्या तोंडी आहे. तसा नियम नाही. पिशवी जन्मभर टिकेल असे मात्र कोणी धरून चालू नये. काहींची वीस वर्षे टिकते, काहींची लवकर फाटते, आणि फाटली तरी बाहेरून कळत नाही. म्हणून एफडीएचा सल्ला असा की सिलिकॉनची पिशवी बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करत राहावा. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी ते आवर्जून सांगा. मामोग्राफीला जाल तेव्हा आत पिशवी आहे हे तंत्रज्ञ बाईला आधीच सांगा. त्या निराळ्या पद्धतीने फोटो घेतात.

माझ्या ओळखीची आणखी एक भगिनी आहे, ७६ वर्षांची. तिचीही पिशवी खरखरीत, पण तक्रार काही नाही. तिला हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि साखरही आहे. बातमी कळल्यापासून ती घाबरून गेली होती, उद्याच काढा म्हणत होती. तिच्या डॉक्टरांनी समजावले आणि मलाही ते पटले की तिच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा धोका मोठा, पिशवीचा लहान. ती आता नियमाने तपासून घेते. तिसऱ्या एकीची पिशवी फाटली, तेव्हा तिने ती काढून घेतली आणि नवी बसवलीच नाही. ब्रेसियरमध्ये बाहेरून घालायचा नकली स्तन वापरते आणि मजेत आहे. तिघींचे तीन निर्णय, आणि माझ्या मते तिन्ही बरोबर. कारण प्रत्येकीने आपल्या शरीराची माहिती घेऊन आपला निर्णय आपण घेतला.

म्हणून माझे मत असे आहे. आकाराचा प्रश्न शेवटी विचारावा, पण तो विचारण्यात लाज मुळीच नाही. आधी आत कोणती पिशवी आहे ते शोधा. तेव्हा दिलेले कार्ड दागिन्यांच्या डब्यात, जुन्या पासपोर्टबरोबर, कुठे तरी असेल. नसेल तर ज्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली तिथून नोंद मागा. मग त्रास नेमका कशाचा आहे ते तपासून घ्या. मग आपले हृदय, साखर आणि चालू औषधे शस्त्रक्रिया सोसतील का ते विचारा. रेडिएशन झाले असेल तर तिथली जखम हळू भरते, तेही सांगा. हे सगळे झाल्यावर सर्जनला विचारा की नवी पिशवी गोल की थेंबाची, केवढी, का, आणि मुळीच नको असेल तर काय. जुनी जागा थेंबाच्या पिशवीच्या मापाची झालेली असते. तिथे गुळगुळीत गोल पिशवी सरकू नये म्हणून आतून टाके घालावे लागतील का, हेही विचारा. आणि खर्चाचे कुपात होलीमकडून लेखी घ्या. तोफेस १७ हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

त्या भगिनीच्या सुनेने विचारले होते, "आई, आता कोण बघणार आहे?" सून मनाने चांगली आहे, सासूवर पुन्हा सुरी चालू नये एवढेच तिला वाटत होते. पण या प्रश्नाला उत्तर आहे. ती स्वतः बघणार आहे. रोज सकाळी आंघोळ करताना बघणार आहे. ज्या बाईने कॅन्सर सोसला आणि वीस वर्षे तक्रार केली नाही, तिला एका कुशीवर झोपायला मिळावे आणि ब्लाऊज नीट बसावे, ही काही हौस नव्हे. साठ वर्षांच्या पुरुषाने नवे दात बसवले तर त्याला कोणी 'या वयात कशाला' म्हणत नाही.

तिने शेवटी गुळगुळीत गोल पिशवी बसवून घेतली, पूर्वीपेक्षा लहान. सर्जनने उजवी बाजूही उचलून देऊ का म्हणून विचारले, तिने नको म्हटले. दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत. जखम भरायला वेळ लागला, नळ्या काही दिवस होत्या, दुखलेही. पण आता ती डाव्या कुशीवर झोपते. गेल्या पेसाखच्या सुमारास तिच्या भाच्याची मेंदी झाली. हिरवी साडी नेसून आली होती. मला बघून काही बोलली नाही, नुसता पदर सारखा केला आणि हसली.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असा प्रश्न अडकून पडला असेल तर तो बाहेर काढा. मला विचारा, आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि कोणी आपल्याला विचारले, तर माझ्यासारखे पहिल्या झटक्यात 'राहू दे' म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

सर्वांना उत्तम आरोग्य आणि १२० वर्षांपर्यंत आयुष्य लाभो.