छंदाला लोकसेवेची सनद

जर्मनीत मे-जून महिन्यांत गवताची पहिली कापणी सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत तेथील लहान चणीच्या हरिणींची पाडसे उंच गवतात जन्माला येतात. पहिले काही आठवडे संकटाची चाहूल लागली तरी पाडस पळत नाही. जमिनीला अंग चिकटवून ते निश्चल पडून राहते, आणि कोल्ह्यापासून त्याचे रक्षण करणारी हीच उपजत वृत्ती कापणीच्या यंत्रापुढे त्याच्या जिवावर उठते. या पाडसांना वाचविण्याचे काम तेथे हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्या शेकडो नागरिकांनी अंगावर घेतले आहे. कोणते कुरण कापायचे ते शेतकरी आदल्या दिवशी कळवतो. उजाडण्यापूर्वी, रात्रीच्या गारव्याने जमीन थंड असताना, ड्रोन वर चढतो आणि त्याच्या उष्णतादर्शक कॅमेऱ्यात करड्या गवतावर एक पांढरा ठिपका उमटतो. उडवणारा बांधावरून दिशा सांगत राहतो, सोबती त्या ठिपक्यापर्यंत चालत जातो, आणि माणसाचा वास लागू नये म्हणून हातमोजे घालून, ओंजळभर गवतासकट, पाडसाला अलगद उचलून खोक्यात ठेवतो. कापणी उरकली की त्याला मोकळे करायचे. आई साद घालत येते आणि त्याला घेऊन जाते. ऊन वर आले की दगड आणि ढेकळेही तापून तसेच दिसू लागतात, म्हणून हे सारे पहाटेच्या मोजक्या तासांत आटोपावे लागते. २०२१ पासून तेथील केंद्र सरकारने अशा मंडळांना ड्रोन घेण्यासाठी अनुदानाची तजवीज केली आहे.

या हकिगतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते शेतकऱ्याचे बोलावणे. कौशल्य कितीही असो, ज्याच्या शेतावरून यंत्र फिरणार त्याची संमती आणि ज्याच्या हाती ते आहे त्याची ओळख या दोन गोष्टींवाचून छंदाची सेवा होत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१४ साली एक ८२ वर्षांचे वृद्ध गृहस्थ बेपत्ता झाले. श्वानपथके, हेलिकॉप्टर आणि स्वयंसेवक यांनी तीन दिवस शोध घेऊनही ते सापडले नव्हते, आणि एका हौशी माणसाच्या ड्रोनला ते सुमारे वीस मिनिटांत एका शेतात दिसले. याउलट जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ वणवा पेटला असताना कुणाच्याही बोलावण्यावाचून उडवलेला एक ड्रोन आग विझवणाऱ्या विमानावर आदळला, त्याच्या पंखाला भोक पडले, आणि ऐन निकडीच्या वेळी ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर अडकून पडले. दोन्ही ठिकाणी यंत्र हौशी माणसाचेच होते.

आपल्याकडे हे कौशल्य आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. लग्नाचे शूटिंग करणारा फोटोग्राफर, गडकिल्ल्यांची चित्रे टिपणारा गिर्यारोहक, सुटीच्या दिवशी नदीकाठी यंत्र उडवणारा महाविद्यालयीन तरुण, या सर्वांच्या बोटांत ते आहे. परंतु त्याची नोंद सरकारदप्तरी नाही आणि गावाच्या मनात त्याविषयी विश्वासही नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या आरंभी पुणे, नगर, बीड, जालना या जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागल्याच्या वार्ता पसरल्या, चोरांच्या टेहळणीच्या भयाने लोकांनी रात्री जागून काढल्या, आणि तो प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. आकाशातील दिवा कुणाचा हे विचारावयाला गावाजवळ एकही नाव नव्हते, यातच त्या भयाचे मूळ होते असे मी समजतो.

अशी नावे हाताशी असणे किती आवश्यक आहे हे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दाखवून दिले आहे. कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर गेल्या, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद राहिली. अशा वेळी बाहेरची मदत येईपर्यंत गावाला गावातल्याच माणसांवर भिस्त ठेवावी लागते. कोणत्या वस्तीत माणसे छपरावर आहेत, कोणत्या गल्लीतून नाव जाऊ शकेल, कोणता बांध फुटला, हे पाऊस उघडलेल्या अर्ध्या तासात सांगू शकणारा जो कुणी शिरोळच्या किंवा पलूसच्या एखाद्या स्टुडिओत बसलेला असेल, त्याला आधीच हुकूम, नकाशा आणि संपर्क दिलेला असेल तरच त्याचा उपयोग. धो धो पावसात आणि वाऱ्यात लहान ड्रोन उडत नाही, बॅटरीही अर्ध्या तासाच्या आसपास संपते. म्हणूनच त्या थोड्या अवधीत काय पाहायचे हे पुराआधी ठरलेले असावे लागते.

पुराखेरीज उसाच्या फडातही या कौशल्याचा उपयोग आहे. जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिले घालते, आणि गळीत हंगामात कोयता चालवणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या पुढ्यात ती अचानक येतात. वनखाते पिलांना संध्याकाळी त्याच जागी ठेवते आणि बहुधा रात्री आई त्यांना घेऊन जाते. तोडीच्या आधी फडावरून ड्रोनची एक पहाटफेरी झाली तर मजुराचाही जीव धोक्यातून दूर राहील. दाट पाचटीतून उष्णता पुरती वर दिसत नाही, ही मर्यादा मान्य करूनही, निव्वळ अंदाजाने फडात शिरण्यापेक्षा ती फेरी बरी; मात्र ती वनखात्याच्या देखरेखीखालीच व्हावी.

कायद्याने वाट पुष्कळ मोकळी ठेवली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी दोन किलोपर्यंतचे यंत्र व्यापारी हेतूविना उडवणाऱ्यास वैमानिकाच्या प्रमाणपत्राची अट लावलेली नाही, आणि नकाशावर हिरव्या दाखविलेल्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज ठेवलेली नाही. परंतु स्थानिक मनाईहुकूम कधीही निघू शकतो, आणि ऐन आपत्तीत कागद शोधत बसण्यास कुणाला सवड नसते. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यात आढावा बैठक होते आणि तीत बोटी, दोर, जीवरक्षक जॅकेटे यांची मोजदाद होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या यादीत तालुक्यातील ड्रोन उडवणाऱ्यांची एक नोंदवही जोडावी, पोलिसांकडून त्यांची खातरजमा करून घ्यावी, टिपलेली चित्रे कुणाच्या ताब्यात राहतील ते लेखी ठरवावे, वर्षातून एकदा बोटवाल्यांसह त्यांचा सराव घ्यावा, आणि ती नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान कृष्णाकाठच्या तालुक्यांत तरी हे व्हावे.