विश्लेषण : ग्रीसमध्ये चालतो तो नग्न किनारा गोव्यात का चालत नाही? अडचण कपड्यांची की कॅमेऱ्याची?

गांधीबागेतल्या कापड बाजारात दिवाळीचा हंगाम आटोपला की गोव्याचे बेत सुरू होतात. कुणाला कंपनीकडून डीलर ट्रिप मिळते, कुणी मित्रांसोबत गाडी काढतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर हॉटेलचे दर फिरतात आणि त्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो : ‘असा बिनकपड्यांचा बीच खरंच राहते का बे?’ खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. दिवसभर ताग्यांची मोजमाप करणाऱ्या बाजाराला बिनकपड्यांच्या किनाऱ्याचं कुतूहल वाटावं, यात गंमत आहेच. पण या प्रश्नामागे एक गंभीर गोष्ट दडलेली आहे.

हाच प्रश्न जगभरातले दुसरे काही पर्यटकही विचारतात. त्यांना ग्रीसच्या एखाद्या शांत बेटावर, गर्दीपासून दूर, अंगावर काही न घालता पोहायचं असतं. प्रश्न एकच, पण विचारणारे दोन. एकाला स्वतः कपडे काढायचे असतात, दुसऱ्याला इतरांना तसं बघायचं असतं. भारतात या दोघांपैकी पहिल्यावर कारवाईची चर्चा लगेच होते. दुसरा मात्र व्हिडिओ काढून, तो चार ग्रुपवर टाकून निवांत घरी पोहोचतो.

ग्रीसमध्ये नेमकं काय चालतं?

ग्रीसमध्ये सगळीकडे नग्न फिरायला मोकळीक आहे, हा गैरसमज आहे. तिथे १९८३ च्या एका कायद्यानं ठरावीक पर्यटन केंद्रांमध्ये ‘नेचरिझम’ला, म्हणजे नग्न वावराला, परवानगी दिली. बाकी किनाऱ्यांवर जे चालतं ते बहुतांशी रिवाजानं चालतं.

क्रीटच्या दक्षिणेला असलेलं गावदोस हे छोटं बेट त्याचं चांगलं उदाहरण. मोजकी वस्ती, फेरीबोटीनं होणारा प्रवास आणि पुढे पायपीट. तिथल्या आयियोस इओआनिस किनाऱ्यावर लोक वर्षानुवर्षं कपड्यांविना पोहत आले आहेत. अशा किनाऱ्यांचा अलिखित नियम साधा असतो. गावाजवळच्या, कुटुंबं येतात त्या भागात कपडे घालायचे. लांबच्या टोकाला गेलात तर तुमची मर्जी. कुणाकडे टक लावून बघायचं नाही आणि कॅमेरा काढायचा नाही. जर्मनीत तर या चळवळीला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि तिथेही परवानगीशिवाय फोटो काढणं हा सगळ्यात मोठा असभ्यपणा मानला जातो.

म्हणजे असा किनारा नुसत्या नकाशावरच्या अंतरानं एकांताचा होत नाही. शेजारी बसलेला माणूस नियम पाळतो, म्हणून तो एकांताचा राहतो.

नग्नता ही ‘पाश्चात्त्य’ गोष्ट आहे का?

इतिहास उलट सांगतो. इसवी सन पूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेला पोहोचला, तेव्हा तिथले वस्त्रहीन तपस्वी पाहून ग्रीकच थक्क झाले. त्यांनी या साधूंना ‘जिम्नोसोफिस्ट’, म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, असं नाव दिलं. त्यातला ‘जिम्नोस’ म्हणजे नग्न. आपण रोज ज्या ‘जिम’ला जातो, तो शब्दही तिथूनच आला. प्राचीन ग्रीसमध्ये खेळाडू वस्त्राविना व्यायाम करत, त्या जागेला ते ‘जिम्नेशियॉन’ म्हणत.

विदर्भाला तर हे नवं नाही. रामटेकच्या शांतिनाथ दिगंबर जैन मंदिरात आचार्य विद्यासागर यांचे चातुर्मास झाले, तेव्हा हजारो लोक दर्शनाला गेले. दिगंबर मुनींचा विहार रस्त्यानं निघाला की लोक वाट देतात, हात जोडतात. वैराग्याची ती नग्नता आणि सुट्टीतली हौस यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण एक गोष्ट त्यातून दिसते. उघडं शरीर दिसलं की आपला तोल सुटतोच, असं काही नाही. कुठे कसं बघायचं, हे आपल्याला चांगलं कळतं.

महाराष्ट्रातली आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. जगातला पहिला ज्ञात नग्नतावादी क्लब युरोपात नव्हे, तर आपल्या ठाण्यात सुरू झाला. १८९१ मध्ये तिथले ब्रिटिश न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ स्थापन केली. सभासद अवघे तीन. माथेरान आणि तुळशी तलाव या त्यांच्या एकांताच्या जागा. क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमधले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना पाठवलेल्या पत्रांमुळे ही हकीकत टिकून राहिली. क्लब मात्र फार टिकला नाही. १८९४ मध्ये क्रॉफर्ड यांचं निधन झालं. आज तुळशी तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे.

पुढे मराठीत हा विषय उघडपणे मांडला तो र. धों. कर्वे यांनी. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, ही त्यांची भूमिका होती आणि मासिकाच्या मुखपृष्ठांवरही ती दिसायची. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

मग गोव्यात काय बिघडलं?

साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी हणजूण, वागातोर, हरमलच्या किनाऱ्यांवर येऊन राहू लागले. त्यातले काही जण कपड्यांविना पोहायचे, ऊन खात पडायचे. त्यांना ते किनारे निर्जन वाटले. पण ते निर्जन नव्हतेच. तिथे रापणकारांची जाळी होती, माडांची बागायत होती, जवळच चर्च आणि देवळं होती. पाहुण्यांनी गावाला विचारलं नाही, ही स्थानिकांची तक्रार रास्त होती.

त्यानंतर आले ते बघे. नग्न परदेशी दाखवायला म्हणून देशी पर्यटकांच्या बसगाड्या हणजूणला थांबू लागल्या. गावकऱ्यांना दोन्हीकडून त्रास झाला. आधी पाहुण्यांनी लाज गुंडाळली म्हणून आणि मग ती पाहायला लोटलेल्या गर्दीमुळे. किनारा एकांताचाही राहिला नाही आणि गावाचाही राहिला नाही.

ती उत्सुकता अजून विरलेली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर गोव्यात ‘न्यूड पार्टी’ होणार, अशी जाहिरात समाजमाध्यमांवर फिरली. गोवा पोलिसांनी तपास करून राज्याबाहेरून एकाला अटक केली. भोळ्या बघ्यांच्या खिशावर डोळा ठेवूनच असे सापळे लावले जातात.

भारतात कायदा काय म्हणतो?

नग्नतेवर बंदी, असं थेट सांगणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केल्यास कलम २९६ लागतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम भारतीय दंड संहितेत २९४ क्रमांकाचं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलिंद सोमण यांनी ५५ व्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर नग्न धावतानाचा फोटो टाकला, तेव्हा दक्षिण गोव्यात याच २९४ कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीवरून सोमण आणि मधु सप्रे यांच्यावर खटला भरला गेला होता. त्यातून सुटका व्हायला २००९ उजाडलं.

नग्न म्हणजे अश्लील, असं समीकरण न्यायालयं मात्र मानत नाहीत. टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न छायाचित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं की, नुसतं नग्न चित्र अश्लील ठरत नाही. त्याचा संदर्भ आणि समाजाची आजची मोजपट्टी पाहावी लागते.

आता दुसरी बाजू. लपून बघणाऱ्याला आणि चित्रण करणाऱ्याला कायदा जास्त कठोर शिक्षा देतो. खासगी क्षणी, कुणी पाहत नाही अशा विश्वासानं असलेल्या स्त्रीला न्याहाळणं किंवा तिचं चित्रण करणं, यासाठी संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई खासगी अवयवांचं संमतीविना चित्रण आणि प्रसारण रोखतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अश्लील मजकूर पुढे पाठवणाऱ्याला त्याच कायद्याचं कलम ६७ आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव तिथे कामी येत नाही.

पण उघड्या किनाऱ्यावर ही कलमं अडखळतात. ‘ती सगळ्यांसमोरच होती, मग खासगी काय?’ हा युक्तिवाद लगेच पुढे येतो. पूर्ण पोहण्याच्या वेशात असलेल्या स्त्रीचा झूम करून काढलेला फोटो कोणत्या कलमात बसवायचा, यावर पोलीस ठाण्यातच घोळ होतो. बघे नेमका याच फटीचा फायदा घेतात.

मोबाइलनं काय बदललं?

पूर्वी बघ्याला किनाऱ्यापर्यंत यावं लागायचं. आता एक जण आला तरी पुरतं. फोनमधल्या लोकेशनची परवानगी सुरू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीनं पाठवला तर ही नोंद गळून पडते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. इन्स्टाग्रामवर तर लोक स्वतःच जागेचं नाव टॅग करतात. ‘कुणालाच माहीत नसलेला बीच’ अशी रील दोन लाख लोकांनी पाहिली की तो बीच सगळ्यांना माहीत झालेला असतो. त्यावर ड्रोनची भर पडली. चालत दोन तास लागणाऱ्या जागी कॅमेरा दोन मिनिटांत पोहोचतो.

आणि हा प्रश्न नग्न किनाऱ्यापुरता उरलेला नाही. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात स्नान करणाऱ्या महिलांचे व्हिडिओ टाकल्याबद्दल उत्तर प्रदेश पोलिसांनी समाजमाध्यम खात्यांवर गुन्हे नोंदवले. त्याच सुमारास गुजरातमधल्या एका रुग्णालयातलं महिला रुग्णांचं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकल्याचं उघड झालं. त्या तपासात झालेल्या अटकेचे धागे लातूर आणि सांगलीपर्यंत पोहोचले. गंगेत श्रद्धेनं बुडी मारणाऱ्या बाईला आणि तपासणीच्या खाटेवरच्या बाईला कुठलाही ‘नेचरिस्ट’ छंद नव्हता. दोघींनाही गाठणारी नजर मात्र ‘असा बीच कुठे आहे’ विचारणारीच होती.

मग काय करायला हवं?

गोव्यात उद्याच नग्न किनारा जाहीर करावा, अशी मागणी करण्याची ही वेळ नाही. ज्या गावाच्या हद्दीत तो येईल त्या गावाची संमती हवी आणि येणाऱ्यांना शिस्त हवी. आज दोन्ही नाहीत. त्यामुळे इथल्या एखाद्या निर्जन किनाऱ्यावर कपडे काढण्याचा प्रयोग करणारा कायद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या अशा दोन्ही कचाट्यांत सापडेल, हे त्यानं समजूनच जावं.

पण दुसऱ्या बाजूची सुरुवात आजच करता येईल. २६ जानेवारी २०२३ रोजी गोव्याच्या पर्यटन खात्यानं पर्यटकांसाठी सूचना काढल्या. अनोळखी लोकांचे, विशेषतः ऊन खात पडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्या पर्यटकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सूचना योग्य, पण ती सल्ला म्हणूनच राहिली. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणाऱ्याला मात्र गोव्यानं २०१९ मध्ये दोन हजार रुपये आणि घोळक्याला दहा हजार रुपये दंड लावला. बाटली फोडली तर वाळूत काच राहते, म्हणून तो नियम झाला. चोरून काढलेला व्हिडिओ त्याहून जास्त काळ राहतो. मग त्याला जागेवर दंड का नको? फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या पर्यटन पोलिसांना नियमानं का नको? कोकणातल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यांवरही हाच नियम आणायला काय हरकत आहे?

सरकार नियम करेल तेव्हा करेल. नागपूरहून मुंबईचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे आणि गोवा त्याहूनही दूर. इतकं अंतर कापून जाणाऱ्यानं तिथे पाण्यात शिरावं, मासे खावेत, सूर्यास्ताचे हवे तेवढे फोटो काढावेत. फ्रेममध्ये अनोळखी बाई आली तर फोन खाली घ्यावा. ग्रुपवर तसा व्हिडिओ आला तर तो पुढे न पाठवता ॲडमिननं काढून टाकावा. स्वतःचं किंवा ओळखीतल्या कुणाचं चोरून चित्रण झालं असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी तक्रारीचा वेगळा विभाग आहे.

आणि ग्रुपवर पुन्हा कुणी विचारलंच, ‘असा बीच खरंच राहते का बे?’ तर उत्तर द्यावं : राहते. पण जिथं कुणी फोटो काढत नाही, तिथंच राहते.