विश्रांती की व्यायाम?



भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. तो झालेल्या बाईला घरचे सांगतात, ‘तू आता पडून राहा.’ सांगण्यात माया असते. पण केमोथेरपी चालू असतानाही झेपेल तेवढा व्यायाम करावा, असे आता वैद्यकशास्त्र म्हणते. २०२२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने तशी स्पष्ट शिफारस केली.

याचे कारण समजून घेऊ. या आजारात अनेकींना दिले जाणारे ‘लाल औषध’, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, कर्करोगाच्या पेशी मारते. पण हृदयाच्या स्नायूला आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरालाही इजा करू शकते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, म्हणून रक्तवाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते. भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो आणि अस्तराच्या या कामाला चालना मिळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ३० स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात, केमोथेरपीच्या काळात व्यायाम करणाऱ्या गटात रक्तवाहिन्यांची ही क्षमता सुधारली. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

‘बायका दिवसभर राबतातच की!’ असे कुणी म्हणेल. राबणे म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात वेळ, वेग आणि थांबणे बाईच्या हाती असते, धुण्याभांड्यात नसते. आणि ‘पडून राहा’ हे बहुधा स्वयंपाकाच्या वेळेपर्यंतच टिकते!

गोरेगावहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी बाई लोकलच्या गर्दीत आणि दादरच्या जिन्यांवर दमून जाते. घरी परतल्यावर तिने चालायचे कुठे? फुटपाथ अडलेले, खोली दहा बाय दहाची. याच गोरेगावात मृणालताई गोरे यांनी बायकांना संघटित करून पाणी हा महापालिकेला जाब विचारण्याचा प्रश्न बनवला. चालण्याची सुरक्षित जागा आणि स्वच्छ शौचालय हेही तसेच प्रश्न आहेत.

म्हणून आपल्या गटांनी तीन कामे घ्यावीत. केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात व्यायामाचा सल्ला मोफत मिळावा, अशी मागणी करावी. वस्तीत उपचार घेणाऱ्या बाईसोबत चालायला जोडीदारीण द्यावी. आणि घरकामाची वाटणी घरातल्या पुरुषांसमोर ठेवावी.

मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. ताप, चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल, तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल, त्या दिवशी विश्रांती हा तिचा हक्कच आहे.