वहीतले आम्ल, न्हाणीघरातली बाटली

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की अनेक घरांत फरशीचे ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतले जाते. दोन्ही मिसळली तर डाग लवकर निघतील, हा समज. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, श्वास कोंडतो. दम्याच्या रुग्णाच्या तर जिवावर बेतू शकते. त्याच घरातल्या दहावीच्या मुलाला आम्लांची समीकरणे तोंडपाठ असतात. पण वहीतले हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजेच न्हाणीघरातली ही बाटली, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, हेही पुस्तकात आहे. तरीही अंगावर ॲसिड सांडले की चुना किंवा सोडा लावण्याची घाई होते. त्या उष्णतेने जखम आणखी भाजू शकते. अशा वेळी ताबडतोब, किमान २० मिनिटे वाहते पाणी सोडावे आणि मग रुग्णालय गाठावे.

रसायनशास्त्र मुलांना परके वाटते, म्हणून ते अवघडही वाटू लागते. हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये का फसफसते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांनी धड्याची सुरुवात अशा प्रश्नांनी करावी. सफाईच्या बाटल्यांवरची लेबले मात्र फक्त वाचून घ्यावीत. त्यांचे प्रयोग नकोत. मग बादलीत दुसरी बाटली ओतणारा हात अडवणारे कोणीतरी घरातच तयार होईल.