प्लेगने काय शिकवलं?

चिंचवडच्या चापेकर चौकातून पहिल्या पाळीच्या बसगाड्या धडाधड निघतात. या पट्ट्यात देशप्रेमाचा विषय निघाला की बोट आधी या चौकाकडेच जातं, आणि ते योग्यच आहे. पण चापेकर बंधूंनी झाडलेल्या त्या गोळीच्या आधी काय घडलं, हे सांगताना आपण घाई करतो.

१८९७च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या प्लेग समितीचा प्रमुख म्हणून ब्रिटिश अधिकारी रँड आला. गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरायचे. सामान रस्त्यावर यायचं, जळायचं. आजाऱ्याला छावणीत नेलं की घरच्यांना त्याचं तोंडही दिसेल याची खात्री नसायची. मरणाइतकीच ही बेअब्रू लोकांच्या जिव्हारी लागली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्टला गाठून गोळ्या घातल्या. पुढे ते दोघे आणि त्यांचा भाऊ वासुदेव फासावर गेले. एका घरातले तिन्ही मुलगे येरवड्यात संपले. त्या आईचा विचार मनात आला की आजही पोटात तुटतं.

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचल्या. पोरगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. माझ्या लेखी हेही तितकंच जळजळीत देशप्रेम आहे.

या देशप्रेमाचा पुढचा धागा मला पिंपरीत दिसतो. स्वातंत्र्यानंतर सातच वर्षांत, १९५४ साली, इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली. आपण तिला नुसतं ‘एचए’ म्हणतो. तिथे आधी पेनिसिलिन बनलं, मग स्ट्रेप्टोमायसिन. हे स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवर चालतं. ज्या रोगाने चापेकरांचं घर बसलं, त्याचं औषध त्यांच्याच गावाशेजारी तयार होऊ लागलं. पाळीवर येऊन बाटल्या भरणाऱ्या त्या कामगारांना देशभक्त म्हणायचं आपल्याला कधी सुचलंच नाही.

आजही आपली नजर तशीच निवडक आहे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २०२५च्या एप्रिलमध्ये, सगळा देश हळहळला. मारल्या गेलेल्यांत पुण्याचेही दोघे होते. तो संताप खरा होता, माझाही होता. पण ८ डिसेंबर २०२३ला इथल्याच तळवड्यात काय झालं? वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. होरपळून गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या, पोटासाठी आलेल्या. परवान्याशिवाय दारूकाम चाललं होतं. चार दिवस बातम्या आल्या, मदत जाहीर झाली, आणि गाव पुन्हा कामाला लागलं.

त्या बायका याच देशाच्या होत्या. तेव्हा माझं पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे मागणं आहे: दरवर्षी ८ डिसेंबरला तळवडे, चिखली, भोसरीतल्या किती शेड तपासल्या, किती बंद केल्या, कुठे बाहेर पडायला दुसरा दरवाजा करायला लावला, याची यादी प्रभागवार चौकाचौकांत लावा. पहिली चापेकर चौकात लावा.