वाफा कष्टकऱ्याचा, कायदा कोणाचा?

सानपाड्याच्या रुळांलगतचे पालकाचे, लाल माठाचे वाफे लोकलच्या प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. रुळांलगतची अशी सारीच शेती अतिक्रमणाची नव्हे. 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रेल्वेने आपली पडीक जमीन तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना परवान्याने लावायला दिली. पण परवाना एकाच्या नावावर आणि वाफ्यात राबणारा दुसराच भूमिहीन मजूर, असेही घडते. त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. उद्या गुंडाने वाफे तुडवले किंवा साहेबाच्या हुकमाने जेसीबी फिरला, तर त्याने दाद कोठे मागायची, हा आमचा सवाल आहे.

गुंडाविरुद्ध कायदा आहे, पण तो तोकडा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ नुसार ही 'आगळीक' ठरते. मात्र एक लाखाच्या आतील नुकसान अदखलपात्र! पालकाच्या वाफ्याची किंमत तेवढी कधी होणार? पोलीस नोंद करून हात झटकतात. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर मात्र अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(जी) हाती आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून, त्यात पिकाची नासधूस आणि उत्पन्न पळवणे हे शब्द स्पष्टपणे आले. हा गुन्हा दखलपात्र आहे. कार्यकर्त्यांनी ठाण्यात जाताना हे कलम पाठ करूनच जावे.

साहेबाच्या हुकमाचे काय? परवाना म्हणजे भाडेपट्टा नव्हे, तो रद्द होऊ शकतो, हे खरे. पण १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ६३ परवानाधारकाला जागा सोडण्यास आणि आपला माल हलवण्यास वाजवी मुदत देते. मोबदला घेऊन परवाना दिला आणि दोष नसताना मुदतीपूर्वी हुसकावले, तर कलम ६४ भरपाई देते. कागदावर नाव नसलेल्या मजुराला यातले काय मिळणार?

ब्रिटनने १९२२ साली शहरातील कामगारांच्या भाजीमळ्यांसाठी कायदा केला. मळ्याची किंवा पिकाची हानी करणाऱ्याला दंड, तशी सूचना मळ्यावर ठळक लावायची, आणि जमीनमालकाने जागा काढून घेतली तर उभ्या पिकाची भरपाई. तेव्हा इथेही त्यांचेच राज्य होते. कामगाराच्या मळ्याचा हा कायदा मात्र इथे आला नाही. आणि स्वराज्यानेही तो आणला नाही!

काही जण म्हणतील, ही भाजी गटाराच्या पाण्यावर पिकते. जिथे तसे होते तिथे ते बंद झालेच पाहिजे. ही भाजी गरिबाच्याच ताटात जाते. पण त्याचा उपाय स्वच्छ पाणी हा आहे, नांगर फिरवणे हा नव्हे.

दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, तो कसणाऱ्याच्या हक्कासाठी. तोच न्याय शहराच्या गुंठ्याला लागू आहे. आमची मागणी साधी आहे: परवान्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव घाला, पीक काढण्याइतकी मुदत दिल्याशिवाय कारवाई नको, मुदत देणे अशक्य असेल तर आधी पंचनामा आणि भरपाई. जमीन सरकारची असेल, पण घाम सरकारचा नाही. त्या घामाची किंमत कायद्यात लिहून घेईपर्यंत चळवळीने स्वस्थ बसू नये.